नजरेचं माप

ट्रॅक्टरची सीट पुढे सरकवायची खिट्टी डाव्या बाजूला असते.

टेलरच्या पित्ताच्या डबीत पित्ताच्या गोळ्या नव्हत्या.

मुलाच्या घरी, नवव्या मजल्यावर, बायको एकदा आठवडाभर राहून आली. सगळा आठवडा ती खिडकीशी उभी राहून खाली कुठे माती दिसते का, ते शोधत होती.

पायाची आतली लांबी चुकली, की पँटचं पुढचं सगळं चुकतं.

"डोक्यावर छत हवंय की नको?" शोरूमवाल्याने विचारलं.

"आधी पाय बघू," टेलर म्हणाला. "डोक्याचं नंतर."

आवारात छोटे ट्रॅक्टर ओळीने उभे होते. टेलरने दुकान आवरून गावाबाहेर दीड एकराचा तुकडा घेतला होता. लिंबाची झाडं, विहीर, पुढे पडवी असलेली एक खोली. मशागत आजवर भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायची, आणि तो यायचा तोवर जमिनीतली ओल उडून गेलेली असायची. आता स्वतःचा घ्यायचा, असं त्याने घरी जाहीर केलं, तेव्हा बायको म्हणाली, "सत्तरीत खेळणी आठवतात माणसाला."

एवढंच तिला ठाऊक होतं. डॉक्टर काय म्हणाले, ते त्याने सांगितलं नव्हतं. लिंबाचा पुढचा बहर तो बघणार नव्हता. मग ती एकटी. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात ती चार वेळा जाईल, पाचव्यांदा जाणार नाही. जमीन पडीक पडेल. मुलगा ती विकायला लावील, आणि प्रेमानेच तिला पुन्हा त्या खिडकीशी नेऊन उभी करील. ते होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून ट्रॅक्टर तिच्या मापाचा हवा होता. आणि तो तिच्या मापाचा आहे, हे तिला कळता कामा नये.

तिचं माप घ्यायची गरजच नव्हती. गळ्यात टेप असायचा तेव्हाही तिच्यासाठी त्याने तो कधी वापरला नाही. लग्नाआधी ती पहिल्यांदा दारातून आत आली, तेव्हाच ते माप नजरेत बसलं, ते बसलंच.

तो पहिल्या ट्रॅक्टरवर चढला. उतरला. दुसऱ्यावर चढला, सीटवरून पेडलकडे बघत राहिला, उतरला. तिसरा सगळ्यांत बुटका. त्यावर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले.

"हा बरा आहे," तो म्हणाला.

"मास्टर, गुडघे कानाला लागायचे राहिलेत तुमचे," शोरूमवाला म्हणाला. "तो शेजारचा घ्या. तुमच्या अंगापिंडाला शोभेल."

"शोभा कुणाला दाखवायचीय? लिंबांना?"

सावलीत खुर्चीवर बसलेली बायको तिथूनच बोलली, "लोकांच्या पँटी जन्मभर ऐसपैस शिवल्या. स्वतःला मात्र तंग ट्रॅक्टर."

चहा आला. शोरूमवाल्याने पहिला कप तिच्यापुढे धरला. "काकू, हा तुमचा. बिनसाखरेचा."

पोरगं हुशार होतं. गिऱ्हाईक बघून साखर ओळखत होतं. टेलरला त्याचं कौतुक वाटलं. त्याने सीट पार पुढे ओढली, खिट्टी लावली आणि खाली उतरला.

"तू बस बरं जरा वर."

"मी कशाला?"

"फोटो काढतो. मुलाला पाठवू."

"मग ट्रॅक्टरचा काढा की."

"ट्रॅक्टर त्याला ओळखू येणार नाही. आई येईल."

ती कप ठेवून उठली. आज ती एकेक पाऊल जपून टाकत होती, पाठ ताठ. रुसली की ती अशीच चालायची. शोरूमवाला हात द्यायला पुढे झाला, तिने नको म्हणून मान हलवली. गमबूट घातलेला पाय पायरीवर ठेवून, दांडा धरून ती एका दमात वर बसली.

टेलरने फोन डोळ्यांसमोर धरला. बघत मात्र तो फोनच्या खालून होता.

"क्लचवर पाय ठेव. नाहीतर बसची वाट बघत बसल्यासारखी दिसतेस."

तिने ठेवला.

"दाब."

"दाबलेला फोटोत दिसतो का?"

"दाब गं."

क्लच खालपर्यंत गेला. तिची पाठ सीटला टेकलेलीच राहिली. तिने पाय सोडला आणि न सांगता पुन्हा एकदा दाबला. मग ब्रेक. तोही गेला. शोरूमवाला पुढच्या चाकाकडे बघत होता, जणू त्यातली हवा त्याला नजरेनेच मोजायची होती.

"घेऊ का हा?" टेलरने विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं त्यालाच बरं वाटलं.

"घ्या. खेळणं तुमचं, मला काय विचारता?"

"कधीमधी तूही चालवशील."

"चालवीन की. तुम्ही दमलात की मी."

फोटो काढायचा राहूनच गेला. टेलर ट्रॅक्टरला वळसा घालून मागे गेला आणि नंबरपाटी वाचू लागला. नव्या ट्रॅक्टरची पाटी कोरी होती. ती वाचायला त्याला बराच वेळ लागला. पोटातली कळ आली, गेली. हात थरथरतात, टाका धरत नाही, दोरा सुईत जात नाही. पण नजर अजून पक्की होती. बोटभरही चुकली नव्हती.

"अहो, काय सापडलं तिथे?" पुढून तिचा आवाज आला.

"काही नाही," तो म्हणाला. "माप बरोबर आहे."

सोमवारी ती पित्ताची डबी घेऊन डॉक्टरांना एकटीच भेटली होती आणि तिथून सरळ या आवारात आली होती; ओळीतल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर सीट पार पुढे ओढून तिने बसून पाहिलं, एकाच्याही क्लचला पाय पुरला नाही, तेव्हा मंगळवारी तिने गमबुटांच्या आत दोन बोटं जाडीचे तळवे बसवून घेतले.