पालथा तवा

पहिली गार ऑटोच्या काचेवर पडली आणि काचेची जागच्या जागी चाळणी झाली. दुसरी कुठं पडली ते कुणी पाहिलं नाही. पाहायला सवडच उरली नाही. वाशीमच्या बसस्टँडसमोर भर दुपारी अंधारून आलं. हरभऱ्याएवढी गार लिंबाएवढी झाली, लिंबाएवढी कवठाएवढी झाली. बाभळीवरचे बगळे धपाधप रस्त्यावर आले. एक मोटरसायकल आडवी पडून नुसतंच चाक फिरवत राहिली.

तुळसाबाईचं भाकरीचं दुकान म्हणजे चार लोखंडी खांब आणि वर पत्रा. त्याखाली वीस-पंचवीस माणसं एकमेकांच्या पायावर उभी होती. पत्रा असा वाजत होता की कानात बोट घालून बोलावं लागे. तुळसाबाई मात्र फोन कानात खुपसून उभी होती.

"माय, इकडं अजून काई नाई," केनवडच्या शेतावरून तिचा पोरगा हरीओम ओरडत होता. "पन आभाळ तिकूनच येऊन राह्यलं. उद्या गहू काढाचा होता व माय..."

फोन कटला.

तिनं चुलीकडं पाहिलं. तव्यावर भाकर फुगत होती. तिच्या आईनं केलं होतं, आईच्या आईनं केलं होतं: गारा पडल्या की तवा दाराबाहेर फेकायचा. तवा पालथा पडला की आभाळ बांधलं जातं. मग शेवटची गार पडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. हात लागला की बांधलेलं आभाळ सुटलं. फडक्यानं धरून तिनं तवा उचलला, भाकरीसकट, आणि भिरकावला. भाकर एकीकडं गेली. तवा गरगरत जाऊन रस्त्याच्या मधोमध पालथा पडला. पहिली गार त्यावर आदळली आणि चर्रकन वाफ निघाली.

"मावशी, आता भाकर काय माह्या टकुऱ्यावर भाजशीन?" काच फुटलेल्या ऑटोचा गोविंदा म्हणाला. लोक हसले.

"गप रे. त्याले कोनी हात लावाचा नाई."

रस्त्यापलीकडं एका हातगाडीखाली मोतीबाई बसली होती. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, चिंचा विकणारी. ओढणीत गुंडाळलेली आठ महिन्यांची नात, रेणू, पोटाशी. सकाळी ती ह्याच पत्र्याच्या कडेला बसली होती. गिऱ्हाइकाची वाट अडते म्हणून तुळसाबाईनंच तिला पोत्यासकट उठवलं होतं.

वारा फिरला आणि हातगाडी उलटी झाली.

मोतीबाई उघड्यावर पडली. एक गार पाठीत बसली, दुसरी खांद्यावर, तिसरी कपाळावर. डोळ्यात रक्त उतरलं तरी ती पोरीवर कमान करून राहिली. मग तिनं मान वर केली. दहा पावलांवर तवा होता, अजून वाफ सोडत.

तुळसाबाईला कळलं. "नोको उचलू," ती किंचाळली. "मोतीबाई, नोको उचलू तो!"

गव्हासाठी ओरडली की तवा तापलेला होता म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण तापलाय, एवढा एक शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही.

मोतीबाईनं उघड्या हातानं तवा उचलला. तिचं तोंड वासलं. गारांच्या आवाजात तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. तव्यावर गार आदळली, पुन्हा आदळली, लोखंड टणटणत राहिलं. पोरीच्या डोक्यावर तवा धरून ती धावत निघाली, चिंचा आणि गारा तुडवत, पत्र्यापाशी आली.

"जागा नाई, जागा नाई. तिकडं जाय," हेल्मेट घातलेल्या एका माणसानं तिच्या छातीवर कोपर मारलं. ती गुडघ्यावर आदळली. तवा सुटला नाही.

तुळसाबाईनं चुलीतलं पेटतं लाकूड उपसलं आणि गर्दीत खुपसलं. "सरका. नाई त तोंडं भाजून काढीन एकेकाची."

हेल्मेटवाल्याची बाही करपली. वाट झाली.

चुलीजवळ बसवून तिनं आधी पोरीला पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. पोरगी डोळे मोठे करून जाळाकडं बघत होती. मग तिनं मोतीबाईच्या हातातला तवा सोडवायला घेतला. तो सुटेना. फडकं लावून ओढला तेव्हा सुटला, आणि कातडी घेऊन सुटला. गोविंदानं तोंड फिरवलं.

"टाकला काहून नाई, व बाई?" तुळसाबाईचा आवाज चिरकला.

"कशी टाकू?" मोतीबाई म्हणाली. "खाली पोरगी होती ना."

तुळसाबाई पाण्याला वळली. गर्दीच्या रेट्यात माठ फुटला होता, त्याच्या खापऱ्या चुलीच्या राखेत पडल्या होत्या. दुसरं पाणी नव्हतं. मोतीबाई तळहात हवेत धरून बसली होती. दातांखाली ओढणीचा पदर होता.

फोन वाजला. पडद्यावर हरीओमचं नाव उमटलं. तुळसाबाईनं पाहिलं आणि फोन तसाच चुलीच्या दगडावर ठेवून दिला.

मग तिनं फडक्यानं तवा उचलला, स्वतःच्या डोक्यावर पालथा धरला आणि पत्र्याबाहेर पाय टाकला.

"मावशी," गोविंदा म्हणाला, "त्याले हात लावाचा नाई म्हने ना?"

तिनं वळून पाहिलं नाही. भर रस्त्यात ती उकिडवी बसली. एका हातानं तवा धरलेला, वरून मारा चाललेला. पाठीवर, घोट्यांवर, जिथं तवा पुरत नव्हता तिथं सगळीकडं. मागं चुलीपाशी फोन वाजतच होता. दुसऱ्या हातानं ती गारा उचलू लागली, चिखलातली टाकून, स्वच्छ बघून, एकेक, पदराच्या ओटीत. कापूस वेचावा तशी.