अर्धी ओळ

सोमवारच्या बैठकीत पंपांच्या कारखान्याच्या मालकीण सुभद्राताईंनी चारही खातेप्रमुखांसमोर आपले पितळी टाळ ठेवले. त्यांच्या फाइलमध्ये उत्पादनप्रमुख ठिगळेंना कामावरून कमी करण्याचं पत्र सहीसाठी तयार होतं. ‘तीन दिवसांत सेवा’ ही कंपनीची नवी योजना नऊ महिने अडली होती आणि ठपका ठिगळेंवर होता.

“कीर्तनात बुवा अर्धी ओळ म्हणतात, उरलेली मागचे टाळकरी उचलतात,” ताई म्हणाल्या. “आज आपणही तसंच करू. बिघडलेला पंप तीन दिवसांत...”

“बदलून द्यायचा,” विक्रीचे लोंढे म्हणाले.

“छे, कारखान्यात आणायचा!” खरेदीच्या बर्वेबाईंनी त्यांचं बोलणं तोडलं.

“तपासून खर्च कळवायचा ना?” सेवाविभागाचे मुजावर चाचरले.

ठिगळे हसले. “आणि मी बापडा दुरुस्त करून पाठवत बसलोय! ताई, दर सोमवारी तुम्ही ‘तीन दिवसांत सेवा’ म्हणता, आम्ही माना डोलावतो. आमच्या साथीसाठी कधी थांबलात?”

ताईंना आधी राग आला, मग तो ओसरला. टाळकऱ्यांना ओळच न देता ताई त्यांतल्या एकाला बेसूर म्हणून उठवायला निघाल्या होत्या.

तासभर भांडून चौघे एका वाक्यावर आले. ताईंनी फाइलमधलं पत्र उलटं करून कोऱ्या बाजूवर ते लिहिलं: तिसऱ्या दिवशी पंपाने शेतात पाणी उपसलं पाहिजे.

“द्या, माझ्या खात्यात भिंतीवर लावतो,” ठिगळेंनी हात पुढे केला.

ताईंनी कागद घाईने फाइलमध्ये सरकवला. “हा नको. तुम्हाला चांगल्या अक्षरात दुसरा लिहून देते.”