वेगळी बादली

नवऱ्याचे कंपनीतले कपडे चंद्रभागा कायम वेगळ्या बादलीत भिजवायची, नाहीतर रसायनी गावच्या कारखान्यांतल्या केमिकलचा तो उग्र वास घरातल्या बाकीच्या कपड्यांना लागायचा. यंदा नवऱ्याने चार लोकांच्या पाया पडून रुपेशलाही तिथल्याच दुसऱ्या कंपनीत चिकटवलं. पण पोराच्या शर्टाला रोज आलं-लसणाचा वास! कोण भवानी याला रांधून घालते, या शंकेने तिला घास गोड लागेना.

एके दिवशी नवराही म्हणाला, "काय गं, माझ्या अंगाचा वास आंघोळ केली तरी जात नाय, आन् याच्या शर्टाला कसा येत नाय? हा नक्की कामावर जातो ना?"

दुसऱ्या दिवशी रुपेशच्या मागच्या रिक्षात बसून तीही निघाली. खालापूरच्या एका ढाब्यामागे तो भल्यामोठ्या टोपात रस्सा ढवळत होता. घरी घुम्यासारखा बसणारा पोरगा चक्क गाणं म्हणत होता. हाक न मारताच ती माघारी फिरली.



आता चंद्रभागा बापलेकाचे कपडे एकाच बादलीत भिजवते.