दंडातलं औषध

शमाने नवऱ्याची बाही वर सरकवून त्याचा दंड काउंटरवर ठेवला. कातडीखाली दोन वर्षांच्या औषधाची कुपी बोटाला लागत होती. रोज सकाळी कंपनीचा संदेश आला की ती थोडी उघडायची. ज्यांना परवडत नाही त्यांचे पैसे मदत योजना भरायची. पण परवापासून दस्तगीरची कुपी उघडलीच नव्हती.

"औषध ह्यांच्या अंगातच आहे, ताई. फक्त उघडा."

मदत केंद्रातल्या मुलीने पडद्याकडे पाहिलं. "मावशी, यांना वर्षभरात एकही फिट आलेली नाही. गरज उरली नाही म्हणून मदत थांबलीय. पुन्हा फिट आली की कुपीच ती नोंदवेल आणि मदत आपोआप सुरू होईल."

"औषध होतं म्हणून आली नाही! यंत्रमागावर काम करतात हे. तिथं आली तर हात जाईल."

"नियमच आहे तसा."

तेवढ्यात दस्तगीर लाकडासारखा ताठ झाला आणि फरशीवर कोसळला. शमाने त्याला कुशीवर वळवलं. त्याचा पुढचा दात तुटून तोंडातून रक्त येत होतं.

"मंजूर झालं!" मुलगी पडद्याकडे बघत सुटकेने म्हणाली. "कुपी उघडली बघा."

दस्तगीर शुद्धीवर आल्यावर शमा उठली. रांगेत मागे एक बाई लेकीचा दंड घट्ट धरून उभी होती.

"हिचीपण बंद केली?" शमाने विचारलं.

बाईने होकारार्थी मान हलवली.

शमाने केंद्राचं दार आतून लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"हिची उघड," ती काउंटरकडे बघून ओरडली. "पोरगी पडायच्या आधी उघड. तोवर इथून कुणी हलणार नाही."