मास्तरसाठी मोठं घर

समितीचे तिघेही आत शिरले, तशी डॉक्टरबाईंनी पिंजऱ्याचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

"हे काय?" संचालकसाहेब गर्रकन वळले. वळताना त्यांचं कोपर शेजारच्या सदस्याच्या छातीत बसलं.

"काही नाही साहेब. पाहणीला आलात ना? मग नीट पाहा. घाई कसली?"

पिंजरा अस्वलाचा होता. ते मागच्या खोलीत कोंडलेलं होतं आणि लोखंडी झडपेपलीकडून त्याचे फुत्कार ऐकू येत होते. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकाने घालाव्यात तशा फेऱ्या ते दिवसभर घालायचं, म्हणून लोकांनी त्याचं नाव मास्तर ठेवलेलं. लोक पोट धरून हसायचे. डॉक्टरबाईंना हसू येत नसे. प्राणिसंग्रहालयात जनावरांच्या डॉक्टर म्हणून रुजू झाल्यापासून त्या एकच सांगत होत्या: मास्तर मजेत फिरत नाही, त्याला वेड लागत चाललंय. गजांवर घासून नाकाची सालं निघालीत. मलम किती लावायचं? दुखणं नाकाचं नाही, जागेचं आहे. पण दर बैठकीत पालथ्या घड्यावर पाणी.

बाहेर गर्दी जमली. शाळेच्या सहलीला तर पर्वणीच. एका पोराने नेम धरून शेंगदाणा फेकला, तो साहेबांच्या चष्म्यावर टणकन आपटला.

"यांना नाचता येतं का हो?" त्याने विचारलं.

मास्तरला खाऊपिऊ घालणाऱ्या काकांनी मिशीतलं हसू लपवायला बादली उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"डॉक्टर, दार उघडा!" साहेब दातओठ खात म्हणाले. "नोकरीला मुकाल!"

"मुकले तर घरी जाईन. मास्तरने कुठे जायचं? काय गुन्हा केलाय त्याने? जन्मठेपेच्या कैद्यालासुद्धा मोकळ्या हवेत फिरवतात. आपण याला कोंडतो आणि वर तिकीट लावतो! लाज कशी वाटत नाही आपल्याला?" डॉक्टरबाईंचा आवाज चिरकला. "एवढ्या मोठ्या जनावराला एवढासा पिंजरा. तुम्हाला घटकाभर सोसवेना!"

समितीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ घाम पुसत गजांना टेकले. "उघडा हो बाई. गुदमरायला होतंय."

तेव्हा कुठे त्यांनी कडी काढली.

घरी आईने डोक्याला हात लावला. "माणसांना कोंडलंस? उद्या नारळ देतील हातात."

पण नारळ मिळाला नाही. काही दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, आणि चक्क हसले.

"पटलं मला, डॉक्टर. पिंजरा लहान आहे. मास्तरसारख्या जनावराला तर फारच लहान."

डॉक्टरबाईंचा कानांवर विश्वास बसेना. "मग?"

"मग काय, समितीत ठरलंय. असं चालू द्यायचं नाही. पण मास्तरला इथून हलवावं लागेल. प्रवास झेपेल ना त्याला?"

"काळजी घेतली तर झेपेल. कुठे नेणार?"

"दुसऱ्या एका संग्रहालयाशी बोलणं झालंय. ते ठेवून घ्यायला तयार आहेत. तो गेला की इथलं काम सुरू."

भुलीचं इंजेक्शन डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने दिलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मास्तरची मान कलंडली, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कपाळावरून त्यांना निवांत हात फिरवता आला. केस राठ होते, खालची कातडी ऊबदार.

"थोडे दिवस परक्या घरी काढ," त्या पुटपुटल्या. "परत येशील तेव्हा आपलं घर ओळखायचा नाहीस."

काका ट्रकमध्ये मास्तरशेजारीच बसून गेले.

"अस्वलाचं मार्गी लागलं असेल तर आता माझ्या डोळ्याचं बघा," आई म्हणाली. रखडलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला डॉक्टरबाईंनी रजा टाकली. त्या रजेतच काकांचा फोन आला.

"बाई, इथली जागा आपल्याहून लहान आहे हो. मास्तरला धड वळता येत नाही. जेवणाला तोंड लावत नाही."

"कळ काढा, काका. इकडे ठोकाठोकी जोरात चालू आहे. हिरवं कापड लावून सगळं झाकलंय म्हणे."

"बरं. तुम्ही म्हणता म्हणजे होईलच," काका म्हणाले.

उद्घाटनाला त्या आईला घेऊन गेल्या. आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा, पण उत्साह दांडगा. खुर्च्या मांडल्या होत्या, वाजंत्री होती. साहेबांनी डॉक्टरबाईंना हाताला धरून पुढे नेलं आणि पुष्पगुच्छ दिला.

"यांनीच आमचे डोळे उघडले," ते माईकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. आईने सगळ्यात जास्त वाजवल्या. इतकी वर्षं भांडल्याचं सार्थक झालं, असं डॉक्टरबाईंना वाटलं. साहेबांनी दोरी ओढली. हिरवं कापड सळसळत खाली आलं.

तेच गज होते, निळा रंग दिलेले. त्याच भिंती. कोपऱ्यात, उशीएवढाली दोन अस्वलाची पिल्लं एकमेकांना बिलगून थरथरत होती. "किती गोड!" म्हणत लोक पुढे घुसले.

"मास्तर कुठे आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तो आता त्यांचा झाला. त्याच्या बदल्यातच ही जोडी मिळाली." साहेब जवळ झुकले आणि समाधानाने म्हणाले, "आता बघा डॉक्टर, पिंजरा कसा ऐसपैस दिसतो!"