अशनीची खोली

थोरल्याने वडिलांची चिठ्ठी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली.

“‘माझ्यामागे अशनीला दमट जागेत ठेवू नका, तिला ते सोसत नाही. वरची उन्हाची खोली तिची आहे, तिचीच राहू द्या.’ बास. आपल्या दोघांबद्दल एक अक्षर नाही, आणि आकाशातून पडलेल्या त्या दगडाला अख्खी खोली.”

“लोखंड असतं त्यात. गंजत असेल,” धाकटी बहीण म्हणाली.

मावशी दारात उभी होती. वरची खोली गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिची होती. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती. लहानपणी तिच्या वस्तीला आग लागली, त्यातून ती एकटीच वाचली आणि वडील, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, तिला घरी घेऊन आले. पुढे या दोघांना तिनेच कडेवर वाढवलं.

“मावशी, खालच्या मागच्या खोलीत जाशील ना?” धाकटीने चाचरत विचारलं. “बाबांची शेवटची इच्छा आहे गं.”

“जाईन की. मला काय, पाठ टेकायला जागा हवी.”

तो काळा दगड तिनेच वर नेऊन खिडकीत ठेवला. गुरुजी तो हातात घेऊन मुलांना शिकवायचे, “आकाशातच जळून जाते ती उल्का. जळत जळत का होईना, जमिनीपर्यंत पोचते ती अशनी.” मुलं विचारायची, “म्हणजे हीच ना, गुरुजी?” गुरुजी नुसते हसून खिडकीबाहेर बघायचे. बाहेर मावशी कपडे वाळत घालत असायची. ऐकून ऐकून तिलाही ते पाठ झालं होतं.

मागच्या खोलीच्या भिंतींना ओल होती. आठवडाभरात मावशीचा जुना खोकला उसळला.

दगडाची निगा कशी राखायची हे विचारायला धाकटीने कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या बाईंना बोलावलं. बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

“ही अशनी आहे असं कोण म्हणालं?”

“बाबा. म्हणजे... आम्ही तसंच समजत आलो.”

“अशनीत अशी बुडबुड्यांची भोकं सहसा नसतात. हा ओतकामाच्या भट्टीत धातू वितळवताना निघणारा मळ आहे. कारखान्यामागे ढिगाने मिळेल.”

बाई गेल्यावर थोरला डोकं धरून बसला. “बाबा अशा बाबतीत चुकणं शक्य नाही. मग खरी कुठे गेली?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मावशी, पुसताना वगैरे इकडची तिकडे झाली का? आठवून बघ. कुणी रागावणार नाही.”

“नाही रे. मी आले तेव्हापासून हाच एक दगड आहे.”

“मग चिठ्ठीत लिहिलंय ते काय खोटं?”

मावशीला खोकल्याची उबळ आली म्हणून ती भिंतीला टेकली.

धाकटीने गुरुजींच्या कपाटातल्या जुन्या डायऱ्या खाली ओढल्या. तासाभराने ती म्हणाली, “दादा, सापडलं. अशनी आणली त्या दिवशीचंच पान आहे.”

“वाच. कशी होती, केवढी होती, सगळं वाच.”

धाकटीने वाचायला सुरुवात केली, आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

“‘आज अशनी घरी आली. वय नऊ. कोपर भाजलंय. खोकला फार आहे, म्हणून वरची खोली दिली.’”