नाळ दर्याकडं

"हिची नाळ भिंतीकडं?" बाबा दारातच थबकले.

बेटावरच्या या छोट्या समुद्री संग्रहालयाला आम्ही गेल्या वर्षी आमची होडी दिली होती. आज नारळी पुनवेला तिच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, हळदकुंकू लावून नारळ वाढवायला बाबा हट्टानं आले होते.

"साहेब, आमच्यात नाळ दर्याकडंच ठेवतात. फिरवा ना. मी हात देतो."

"काका, ती आता लादीत पक्की बसवलीय. हलणार नाही," व्यवस्थापक नरमाईनं म्हणाले.

बाबांनी दोरीपलीकडे हात लांबवला. तो नाळेपर्यंत पोचला नाही.

परतीच्या लाँचमध्ये मी म्हटलं, "बाबा, नारळ निदान दर्याला तरी द्या."

नारळ त्यांच्या मांडीवर तसाच राहिला. ते केबिनच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.